साडेअकरा कोयते हजर

केज-बीड रस्त्याच्या एका फाट्यावर कॉलेज होतं. तिथे दहा कॉम्प्युटर आले ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि आदल्या दिवशी बैलांची झाली नसेल एवढी सरबराई त्यांची झाली. प्राचार्य आप्पारावांनी स्वतः नारळ फोडला. खोलीला नवा रंग दिला, दाराला दोन कुलपं घातली आणि दोन्ही किल्ल्या कमरेच्या करदोड्याला बांधल्या. त्यांच्या घरच्या मंडळींनी प्रत्येक कॉम्प्युटरला मापाचं, झालरीचं, फुलाफुलांचं झबलं शिवून दिलं.

हे कॉम्प्युटर आप्पारावांनी मागितले नव्हते. विद्यापीठानंच त्या साली, म्हणजे दोन हजार चार साली, आपल्या सगळ्या कॉलेजांत ‘मिश्र अध्ययन’ सुरू करायचं ठरवलं होतं. निम्मे धडे प्राध्यापकांनी वर्गात शिकवायचे, निम्मे पोरांनी विद्यापीठानं पाठवलेल्या सीडींवरून शिकायचे, आणि दोन्हीकडची हजेरी पंचाहत्तर टक्के भरली तरच परीक्षेला बसायचं. कल्पना चांगली होती. पण वापरलेली वस्तू बिघडते आणि बिघडलेल्या वस्तूचा जाब द्यावा लागतो, हे आप्पारावांनी तीस वर्षांच्या नोकरीत पक्कं ओळखलं होतं. त्यामुळे मंगळवारी आणि गुरुवारी संगणकाचा तास लागला की पोरं बंद खोलीच्या खिडकीपुढे रांगेनं उभी राहायची आणि आप्पाराव छडीनं काचेतून दाखवायचे, “तो मॉनिटर. तो कीबोर्ड. चला, पुढे चला.”

मनिषा त्या रांगेत कायम शेवटी उभी राहायची, म्हणजे तोंडाला ओढणी लावून हसता यायचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, अर्थशास्त्र घेतलं होतं, आणि वर्गात तिच्याएवढी आगाऊ पोरगी दुसरी नव्हती. पण दसरा जवळ आला तसं तिचं हसू आटलं. तिचे आईबाप, शहादेव आणि रतनबाई, दरसाल ऊसतोडीला जायचे, दसऱ्याला जायचे ते थेट उन्हाळा लागताना यायचे. आजवर मनिषा आजीपाशी गावात राहिली. त्या श्रावणात आजी गेली. तरणी पोर सहा महिने घरात एकटी ठेवायची कुणाच्या जिवावर? तिला टोळीबरोबर जाणं भाग होतं, आणि गेली की हजेरी बुडणार होती.

शहादेवानं तेवढ्यातही एक वाट ठेवली होती. “हे बघ मने,” तो म्हणाला, “परीक्षेला बसलीस तर पुढचं बी शिक, मी आडवा येणार न्हाई. न्हाई बसलीस तर आखितीला लगीन. म्हाळूनानाचा भाचा तयार हाय.” म्हाळूनाना म्हणजे त्यांच्या टोळीचा मुकादम. भाचा अंगानं धडधाकट होता, पण दुसऱ्या एका टोळीत नुसता अर्धा कोयता होता. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस कितीही राबो, अर्धाच. भाच्याचा कोयता पुरा करायला एक बायको हवी होती आणि म्हाळूनानाचा डोळा मनिषावर होता. भाच्याला ती आवडते का, असलं काही कुणी विचारलं नव्हतं. तिला तर नाहीच.

ती रडत बसणाऱ्यातली नव्हती. ती चन्नप्पा सरांकडे गेली.

चन्नप्पा सर अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांच्या घरचं केजात किराणा दुकान होतं, आणि पुडी बांधायचा कागद आधी वाचून मग फाडायची सवय त्यांना लहानपणापासून लागलेली. त्यामुळे विद्यापीठाचं मिश्र अध्ययनाचं परिपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलेला अख्ख्या कॉलेजात तो एकच माणूस होता. त्यांनी चौदावं कलम बोटाखाली धरून मोठ्यानं वाचलं. विद्यार्थ्यास कॉलेजात येणे शक्य नसल्यास त्याने सीडीवरील धडे सोयीच्या ठिकाणी पाहावेत. तेथील जबाबदार व्यक्तीने केंद्रप्रमुख म्हणून नोंदवहीत उपस्थिती लिहावी व सही-शिक्का करावा. हीच उपस्थिती वर्गातील धड्यांनाही धरावी.

“सर, जबाबदार व्यक्ती म्हंजे कोण?”

“ज्याच्यापाशी शिक्का हाय तो,” चन्नप्पा सर म्हणाले. “तुझ्या वळखीत हाय का कुणी शिक्केवाला?”

मनिषाला पहिल्यांदा हसू आलं. होता की! म्हाळूनानानं बीडहून गोल शिक्का करून आणला होता आणि तो टोळीच्या कागदांवर, बिडीच्या पाकिटावर, एकदा तर झोपलेल्या भाच्याच्या कपाळावरसुद्धा मारला होता. खंडेनवमीला कॉम्प्युटरची खोली पूजेसाठी उघडली. आप्पाराव मॉनिटरला हळदकुंकू वाहण्यात गुंतले, तेवढ्यात चन्नप्पा सरांनी कपाटातला अर्थशास्त्राच्या सीडींचा खोका आणि एक कोरी नोंदवही उचलून मनिषाच्या पिशवीत टाकली. सरांनी चोरी केली असं म्हणायचं तर म्हणा. त्या सीडी मनिषासाठीच आल्या होत्या, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

कारखान्याच्या तळावर टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या. म्हाळूनानाच्या कोपीत रंगीत टीव्ही होता, सीडी लावायचं यंत्र होतं, आणि खांबावर आकडा टाकून आणलेली वीज होती. त्यावर रोज दिवेलागणीला पिक्चर चालायचा. मनिषानं तिसऱ्याच दिवशी नोंदवही त्याच्यापुढे उघडली आणि छापील अक्षरांवर बोट ठेवलं.

“नाना, हितं काय लिवलंय बघा. केंद्रप्रमुख. विद्यापीठाला तुमची सही पायजे.”

म्हाळूनाना चौथी शिकलेला. त्यानं ते अक्षर न् अक्षर लावून वाचलं, मग मिशीवरून हात फिरवला. “माझी? कावून?”

“तुमच्याबिगर जबाबदार मानूस हाय का कुनी तळावर?”

हे काही खोटं नव्हतं. मुकादमानं शिक्क्यावर फुंकर मारली आणि सगळ्या टोळीला ऐकू जाईल असा फतवा काढला, “आजपासनं आधी धडा, मग पिक्चर! जो धड्याला न्हाई, त्याला पिक्चर न्हाई!”

मग काय विचारता. दिवसभर मोळ्या बांधून आलेली अकरा जोडपी पिक्चरच्या आशेनं म्हाळूनानाच्या कोपीपुढे बसू लागली. पडद्यावर टाय लावलेले एक प्राध्यापक यायचे आणि ‘विद्यार्थी मित्रहो’ म्हणून जे सुरू व्हायचे ते पाऊण तास थांबायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. ह्यो मास्तर श्वास कवा घेतो, ह्याची बायको ह्याच्यासंगं बोलती का, असले सवाल निघायचे. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, “जरा गप ऱ्हावा रे, काय म्हन्तोय ते ऐकू द्या.” तिसऱ्या आठवड्यात भाव कशानं चढतो यावरून दोन कोयत्यांची हातघाईवर आली आणि त्या दिवशी पिक्चर राहूनच गेला.

रतनबाई कधी भांडली नाही. ती चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची आणि मधूनच पिठाचा हात वर करायची. “मने, मागं घे गं. मला कळलं न्हाई.” मनिषा सीडी मागं घ्यायची. प्राध्यापक पुन्हा तेच, त्याच चेहऱ्यानं सांगायचे, न चिडता. रतनबाईला त्यांचं हे फार आवडायचं. तिला आजवर कुणी एकच गोष्ट दोनदा समजावून सांगितली नव्हती.

धडा संपला की म्हाळूनाना वही घ्यायचा. वहीत दुसऱ्या कुणी लिहिलेलं त्याला खपायचं नाही. हजेरी लिहायची ती मुकादमानंच. तारीख, धड्याचा नंबर, आणि मग उपस्थिती, तीसुद्धा तीस वर्षांच्या सवयीनं. ‘शहादेव, एक कोयता. सुग्रीव, एक कोयता.’ अशी अकरा नावं, सगळ्यांत खाली ‘मनिषा, अर्धा कोयता’, आणि बेरीज, ‘साडेअकरा कोयते हजर.’ त्यावर सही, त्यावर गोल शिक्का. मनिषा हे रोज बघत होती. एवढी चतुर पोरगी, पण तिला त्यात एकदाही काही खटकलं नाही. एकटा माणूस अर्धाच असतो हे ती जन्मापासून ऐकत आलेली. चौसष्ट धड्यांपैकी साठ झाले, आणि मार्चात टोळी गावी परत निघाली तेव्हा ती ट्रकमध्ये वही पोटाशी धरून बसली होती.

आप्पारावांनी ती वही दोन बोटांनी उघडली. वहीला धुराचा वास होता आणि पानोपानी पिठाचे ठसे होते. “हे सीडीचे धडे तू पाहिलेस? कुठे?”

“तळावर, सर. चौदाव्या कलमात बसतंय. साठ धडे झाले.”

चौदावं कलम आप्पारावांना माहीत नव्हतं, पण ते तसं दाखवणारे नव्हते. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. नियमाची फट सापडली की त्यांना भूक लागायची. “पण इथे तुझी हजेरी अर्धी लिहिली आहे.”

“अर्धा कोयता, सर. एकटी होते म्हणून.”

“अर्धा म्हणजे अर्धा! प्रत्येक धड्याला अर्धी हजेरी. साठाचे तीस. पाहिजेत अठ्ठेचाळीस.” त्यांनी वही मिटली. “केंद्रप्रमुखानं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय, त्यात मी काय करणार? हॉल तिकीट नाही.”

मनिषानं वही उचलली. साठ संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. रोज तिच्यादेखत मुकादम ते अक्षर लिहीत होता आणि ती शेजारी बसून त्याला शाईची डबी धरत होती! तिला आप्पारावांचा नाही, स्वतःचाच एवढा राग आला की व्हरांड्यात येऊन तिनं खांबाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

तिथंच चन्नप्पा सर भेटले. त्यांनी सगळं ऐकलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “परवा गुरुवारी विद्यापीठाची समिती यायलीय, मिश्र अध्ययन कसं चाललंय ते तपासायला. आपल्या कॉलेजच्या नोंदवह्या काल रात्रीपर्यंत कोऱ्या होत्या. आज सकाळपासून दोघं कारकून आन् चौघं शिपाई एकाच शाईनं भरायलेत. मी काही तुला ये म्हणलेलो न्हाई बरं का.”

“न्हाई, सर,” मनिषा म्हणाली. “तुमी कशाला म्हणताल?”

घरी तिनं रतनबाईला सगळं सांगितलं. रतनबाईनं चुलीतला जाळ मागं ओढला. मग म्हणाली, “म्या सोळाव्या वर्षी ह्या कोयत्याला जोडले. तुला न्हाई जोडू द्यायची.” आणि ती म्हाळूनानाच्या घरी गेली. तिथं ती काय बोलली ते मनिषाला कधीच कळलं नाही, पण गुरुवारी सकाळी मुकादम पांढरीशुभ्र टोपी घालून, खिशात शिक्का घेऊन फाट्याकडे जाणाऱ्या जीपपाशी उभा होता. आपण लिहिलेल्या हजेरीवर कुणी बोट ठेवलं याचाच त्याला जास्त राग आलेला दिसत होता.

समितीत दोघं होते, एक उंच बाई आणि त्यांच्यामागे फायली धरलेले एक गृहस्थ. मनिषा, रतनबाई आणि म्हाळूनाना खिडकीबाहेर उभे राहिले. पोरं रोज जिथून कॉम्प्युटर शिकायची तीच खिडकी. आत बाईंनी पहिलं झबलं उचललं. मॉनिटरवर खंडेनवमीचं कुंकू जसंच्या तसं होतं. दुसरं झबलं उचललं, कीबोर्ड हातात घेतला, तर त्यातून अक्षता सांडल्या.

“वापर कमी दिसतो,” बाई म्हणाल्या.

“छे छे! जपून वापर आहे, मॅडम,” आप्पाराव म्हणाले. “नोंदवह्या बघा ना. दोनशे बारा विद्यार्थी, शंभर टक्के हजेरी.”

बाईंनी नोंदवही बघितली. एक पान, दुसरं पान. “ऐन दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा दोनशे बारा?”

“मुलं फार अभ्यासू आहेत.”

“आणि तीस फेब्रुवारीला?”

आप्पारावांनी शिपायाकडे बघितलं, शिपायानं कारकुनाकडे, कारकुनानं छताकडे. खिडकीबाहेर म्हाळूनानानं तोंडावर टोपी दाबली. मनिषाला कळलं की आता नाही तर कधीच नाही. सुजलेला अंगठा फरफटत ती दारातून सरळ आत गेली आणि आपली धुरकट वही बाईंच्या हातात दिली.

“मॅडम, ही बी एक नोंदवही हाय. ह्याच कॉलेजची.”

बाईंनी ती उघडली. पहिल्याच पानावर त्या थबकल्या आणि वाचू लागल्या, “धडा एक. साडेअकरा कोयते हजर.” त्यांनी वर बघितलं. “हे काय आहे?”

मनिषाच्या मागोमाग आत आलेला म्हाळूनाना पुढे झाला, शिक्का हातात धरून. “मी केंद्रप्रमुख. ऊसतोड केंद्र.” मग त्यानं कोयता म्हणजे काय, जोडपं म्हणजे काय, धड्यानंतर पिक्चर कसा लावायचा, सगळं रीतसर सांगितलं. फक्त आकडा टाकून वीज कशी आणायची तेवढं वगळलं. बाई ऐकत पानं उलटत होत्या. भाकरीच्या पिठाचा एक ठसा त्यांनी नखानं खरवडून बघितला.

“सह्याशिक्के कुणीही करेल,” फायलीवाले गृहस्थ म्हणाले. “धडे खरंच पाहिले याला पुरावा काय? ही मुलगी पुस्तकातून पाठ करून आली असेल.”

“मग माझ्या मायला इचारा,” मनिषा म्हणाली. “तिला वाचता येत न्हाई.”

खिडकीपासून रतनबाई आत आली. तिनं पदर डोक्यावर सारखा केला. बाईंनी वहीचं एक पान काढलं. “सतरावा धडा कशावर होता, आठवतं का?”

“सतरावा?” रतनबाईनं बोटं मोजली. “छुपी बेकारी. त्यो धडा म्या दोनदा मागं घ्यायला लावलता.”

“म्हणजे काय?”

“म्हंजे असं बघा बाई,” रतनबाई म्हणाली, “दोघांचं काम असतंय आन् सहा जणं लागलेली असत्यात. समदे कामात दिसत्यात. पर चौघांना घरी धाडलं तरी काम काय कमी हुत न्हाई.” तिची नजर खोलीभर फिरली. भिंतीला टेकून दोघं कारकून आणि चौघं शिपाई उभे होते. तिनं काही मनात धरून बघितलं नव्हतं, पण सहाही जणांनी एकदम पाय बदलले.

फायलीवाल्या गृहस्थांना ठसका लागला. बाईंनी मात्र हसू लपवलं नाही. “प्राचार्य, ही वही तुमच्याच कॉलेजची?”

आप्पाराव घामाघूम झाले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोनशे बारा पोरांच्या वह्यांचं पितळ उघडं पडलं होतं. आता मिश्र अध्ययनाची इज्जत राखणारी वही सगळ्या कॉलेजात एकच होती, आणि ती नाकारली तर तीस फेब्रुवारीशिवाय दाखवायला काही उरत नव्हतं. तोंड उघडायच्या आत मनिषानं हात पुढे केला.

“सर, वही खोटी असली तर तसं सांगा. मी घिऊन जाते.”

“खोटी?” आप्पाराव ओरडले, आणि घाईत त्यांच्या तोंडून गावची भाषा बाहेर पडली. “खोटी कावून? शंभर टक्के खरी हाय!”

“मग हजेरी बी शंभर टक्के धरा की, सर. अर्धी कावून?”

चन्नप्पा सर दारात उभे होते. त्यांनी मान वळवून बाहेरच्या लिंबाकडे बघायला सुरुवात केली.

बाईंना अर्ध्या हजेरीची भानगड कळायला थोडा वेळ लागला. कळली तेव्हा त्यांनी आप्पारावांकडे असं काही बघितलं की बोलायची गरज उरली नाही. मग त्या मुकादमाकडे वळल्या. “केंद्रप्रमुख तुम्ही आहात. चूक दुरुस्त करायचा अधिकार तुमचा. इथे, हिच्या नावापुढे, काय लिहायचं ते लिहा.”

म्हाळूनानानं पेन घेतलं आणि थांबला. चूक त्याला मान्य नव्हती. एकटं माणूस अर्धं, हे त्याच्या बापानं लिहिलं होतं, त्यानं लिहिलं होतं. एकट्या पोरीला पूर्ण लिहिलं तर भाच्याला कोण मिळणार, हेही त्याच्या तोंडावर दिसत होतं. मनिषाचा जीव त्या पेनाच्या टोकाशी येऊन बसला. त्यानं रतनबाईकडे बघितलं. रतनबाई नजर न हलवता त्याच्याकडे बघत होती.

“लई अवघड लिवायला लावलं राव,” म्हाळूनाना पुटपुटला. आणि त्यानं ‘अर्धा’वर आडवी रेघ ओढली, वर जड हातानं ‘पूर्ण’ लिहिलं. असं साठ पानांवर लिहिलं, साठ वेळा शिक्का मारला. मनिषा प्रत्येक ठोका ऐकत होती. शेवटच्या ठोक्याला आप्पारावांनी शिपायाला धाडून ऑफिसातून आणवलेलं तिचं हॉल तिकीट पुढे सरकवलं, आणि ते हातात आलं तेव्हा ती एवढ्या लोकांसमोर ढसाढसा रडली.

म्हाळूनाना वही मिटायला लागला तशी रतनबाई पुढे आली. तिनं त्या पानावर बोट ठेवलं. “मुकादम, ह्यात माझं नाव कुठंय?”

“तुझं? हे काय की.” त्यानं दाखवलं. “शहादेव, एक कोयता. त्यात तू आलीस.”

“शहादेव तर धड्याला निम्म्या वेळा घोरायचा,” रतनबाई म्हणाली. “साठच्या साठ धडे म्या ऐकले. माझं नाव लिव.”

म्हाळूनानानं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली. त्यानं मनिषाच्या नावाखाली, समासाला लागून उरलेल्या जागेत ‘रतनबाई’ असं लिहिलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.

“नाव झालं. फुडं काय लिवू? अर्धा का पूर्ण?”

“कोयता नगं,” रतनबाई म्हणाली. “नुसतं हजर लिव.”